थंडी कुणाला वाजत होती

प्रिय रिवु,

हे पत्र रालाम्बुच्या हाती देते आहे. आपल्याकडे रेशमाचे कोष विकत घ्यायला येतो तोच, पुढचे दात सोन्याचे असलेला. पत्र तुझ्याच हातात द्यायचं, बंदरावर, घरी न्यायचं नाही, अशी मी त्याला शपथ घातली आहे. तुझ्या तिकडच्या घरात कुणाला त्रास व्हावा असं माझ्या मनात नाही. उघडण्याआधी हात पुसून घे. मासळीच्या हातांनी धरलंस तर शाई फुटेल, आणि माझं अक्षर तुला तसंही कधी लागलं नाही. लग्नाआधी मी पाठवलेली चिठ्ठी तू गावातल्या थोरल्या दादाबेकडून वाचून घेतली होतीस आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायका ती मला तोंडपाठ म्हणून दाखवत होत्या. या वेळी तसं करू नकोस. वेळ लागला तर लागू दे, पण स्वतः वाच.

मला नेनीबद्दल लिहायचं आहे. तुझ्या आईला मी लग्नाच्या दिवसापासून नेनीच म्हणत आले, माझी आई लहानपणीच गेली, तेव्हा मला दुसरी नेनी नव्हतीच. पण तिच्याबद्दल लिहायचं तर आधी रानातून जावं लागतं. तू गेलास तेव्हा तापियाचं रान काळं पडलं होतं, ते तुझ्या डोळ्यांपुढे अजून तसंच असेल. गुरं चारणाऱ्यांनी गवत पेटवलं आणि वारा फिरला. तापियाची साल जाड, झाड मरत नाही, पण पानांवरच्या अळ्या गेल्या, कोष गेले आणि लांदिबेचा, आपल्या रानरेशमाचा, पतंग डोंगरावर दिसेनासा झाला. नेनी जिथे एका सकाळी टोपली भरायची तिथे आठवडाभर फिरून मूठ भरेना. तू म्हणालास, रेशीम नाही तर बंदर सही, महाजंग्याला माणसं लागतात, कोष पुन्हा लागले की मी परत आलोच. नेनीने तुला वाटेसाठी लांदिबेचे तळलेले किडे बांधून दिले, घरातले शेवटचे. गाडीच्या टपावर बसून तू ते खात खात गेलास. मला हात केलास, पण तोंडात घास होता म्हणून बोलला काहीच नाहीस. नवरा गेला आणि त्याचा शेवटचा शब्दसुद्धा आपल्याकडे नाही, हे मला फार दिवस लागून राहिलं होतं.

सुरुवातीला तुझे निरोप यायचे. मग ते लांबले, मग थांबले. वादळात एक होडी उलटली, आपल्या डोंगराकडची बरीच माणसं तिच्यात होती, रिवुही होता म्हणतात, असं अंबुसित्रच्या बाजारातून कुणीतरी ऐकून आलं. नेनीने त्या माणसाला दारातच फैलावर घेतलं. म्हणतात म्हणजे कोण म्हणतं, त्याचं तोंड दाखव, म्हणाली. पाद्र्याने प्रार्थना ठेवू का विचारलं तर त्यालाही परत पाठवलं. माझा मुलगा मेला असता तर पाद्र्याच्या आधी मला कळलं असतं, असं तिचं म्हणणं. आणि आपल्याकडे ते खरंच आहे ना रे? मेलेलं माणूस घरच्यांना सांगून जातं. थंडी वाजते म्हणतं, मग घरचे कापड विणतात. तू तिच्या स्वप्नात आला नव्हतास, म्हणून तू जिवंत होतास. मीही तेवढ्याच आधारावर जगत होते. रोज सकाळी चूल पेटवताना मी तिच्या तोंडाकडे बघायची. ती भाताचं बोललेली पुरेशी असायची.

एका सकाळी ती भाताचं बोलली नाही. अंथरुणावरच बसून राहिली. मग मला सगळं सांगितलं. रानाच्या कडेला तापियाखाली तू उभा होतास, पाठमोरा, गवताची टोपी कानांपर्यंत ओढलेली, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून, हात काखेत घालून. तुझ्या उभं राहण्याची ती तऱ्हा अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मागे न बघता तू म्हणालास, मला थंडी वाजते. एवढंच. मी तिला किती समजावलं. म्हटलं, नेनी, तोंड दिसलं नाही तर तो कशावरून? जिवंत माणूसही स्वप्नात येतो, भूक लागली म्हणतो, थंडी वाजते म्हणतो, त्याचा का लगेच मेलेला माणूस करायचा? ती जे बोलली ते अजून माझ्या कानात आहे. "जिवंत माणसाला थंडी वाजली तर तो घरी येतो, पोरी."

त्याच वर्षी लांदिबे परत आला. आधी मला विश्वासच बसेना. करपलेल्या बुंध्यांना नवी पालवी फुटली होती आणि एका फांदीवर, आपल्याच रिकाम्या कोषावर, एक मादी बसली होती, सुकल्या पानाच्या रंगाची, जाडजूड, पंख नीट वाळवत. मी नेनीला ओढत घेऊन गेले. ती मादीपुढे चक्क उकिडवी बसली आणि पाव्हणी आल्यासारखी तिची विचारपूस करायला लागली. तुला तिची थट्टा आठवते ना, की पतंग झाल्यावर लांदिबेला तोंडच नसतं, खाणं नाही, बोलणं नाही, म्हणून त्यांच्यात नवरा-बायकोचं भांडण होत नाही. मादी कुठे जात नाही, बसल्या जागी वाट बघते, आणि नर डोंगर ओलांडून तिच्या वासावर येतो. त्या दिवशी नेनी मला म्हणाली, तू तरी लांदिबे होऊ नकोस, ऊठ, चार घरं हिंडून ये, तुझ्या माहेरी अजून कुणी विचारणारा असेल. मी म्हटलं, नेनी, मला तोंड आहे, त्याला शिव्या द्यायच्या राहिल्यात, तो आल्याशिवाय मी हलत नाही. हसलो आम्ही. तुझ्या कापडासाठी कोष शोधायला निघालो होतो, आणि हसलो.

कारण नेनीने ठरवून टाकलं होतं. पहिले सगळे कोष तुझे. रालाम्बु आला तर त्याला तिने दारातूनच वाटेला लावलं. पण नियम तिने मोडला नाही. शेंड्याकडचे कोष तिने मला तोडू दिले नाहीत, ते पतंगांचे, म्हणाली, आपण खालचं खायचं. दोन हंगाम आम्ही खालच्या फांद्या धुंडाळल्या. लांदिबेची लव बोटांत घुसून तिच्या बोटांना गळू झालं, तरी कोष उलटे करून किडे काढायचं काम तिने मला दिलं नाही. राखेच्या पाण्यात उकळणं, मुरवणं, धुणं, मग मांडीवर सूत वळणं, सगळं तिने केलं. विणायचं मात्र माझ्याकडे आलं, कारण तिला आता धागा दिसत नव्हता. रिवु, मी तुला राग राग करून सांगत नाही, पण तुला कळायला हवं. ताणा लावायच्या आधी माप लागतं, आणि तू तर नव्हतास. म्हणून नेनीने मला भिंतीशी उभं केलं. माझ्या डोक्यावर आपला तळहात आडवा धरला आणि म्हणाली, तो तुझ्याहून एवढा उंच. खांदे तिने माझेच मोजले आणि वर वीतभर जास्त धरले. तुझं कफन माझ्या अंगावर मोजून झालं आहे. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि मनात म्हणत होते, तू जिवंत असशील तर मला माफ कर, आणि मेला असशील तर कापड लवकरच होतंय असं समज.

हिवाळ्यात पूर्वजांचं दगडी घर, थडगं, उघडून सगळ्यांना नवी कापडं घालायचं ठरलं. दादाबेने मुहूर्त आणला. बासरीवाले, ढोलवाले आले, वशिंडाचा बैल कापला, कुठकुठचे नातेवाईक आले. तुझी हाडं नव्हती, तेव्हा तुझ्या नावाचं कापड गुंडाळून तुझ्या वडलांच्या शेजारी ठेवायचं, असं ठरलं होतं. मागच्या वेळी दार उघडलं होतं तेव्हा आपण दोघं होतो. मी पूर्वजांना गुंडाळलेल्या जुन्या चटईचा तुकडा पळवला होता, मूल व्हावं म्हणून गादीखाली ठेवायला, आणि तू माझ्यावर पाळत ठेवून हसत होतास. तो तुकडा अजून आहे. दोष चटईचा नव्हता असं आता दिसतं.

पुरुष आत उतरले आणि लगेच वर आले. दादाबेने नेनीला बोलावलं. छताच्या दगडातून झाडाचं मूळ आत शिरलं होतं, भेगेतून पाणी गळत होतं, आणि ते सगळं पाणी नेमकं तुझ्या वडलांच्या फळीवर. मागच्या वेळी त्यांना घातलेलं नवंकोरं कापड कुजून त्याचा चिखल झाला होता. बाकीचे सगळे कोरडे. नेनीने हात घालून बघितलं. मग ती तिथेच पायरीवर बसली. मला वाटलं तिला घेरी आली. ती हसत होती. "स्वप्नात म्हातारा होता तो," ती म्हणाली, "तुझा सासरा. मेल्यावरसुद्धा पाठ फिरवून बोलायचं सोडलं नाही मेल्याने." तेव्हा माझ्या ध्यानात आलं. एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभं राहायची तऱ्हा तुझी नव्हतीच, ती त्यांची होती, तू ती उचललेली होतीस. त्यांना कापड मिळालेलं होतं म्हणून त्यांना थंडी वाजेल असं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

तुझं कापड तिने त्यांना घातलं. माप बरोबर बसलं, तू त्यांच्याच उंचीचा. आणि मग ती नाचली. त्यांना खांद्यावर घेऊन थडग्याभोवती फिरवताना ती पुढे, साठी उलटलेली बाई, पदर खोचून, आणि प्रत्येकाला धरून सांगत होती, माझा मुलगा जिवंत आहे, माझ्या मुलाने मला कधी बोलावलंच नाही, तो जिवंत आहे. बायका रडत होत्या. बासरीवाल्यांना तिने थांबू दिलं नाही. मीही नाचले, खोटं कशाला सांगू, इतकी नाचले की चपलेचा अंगठा तुटला. आयुष्यात एवढा आनंद मला दुसऱ्या कशाने झाला नव्हता. दादाबे तेवढा नाचला नाही. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, पोरी, मेलेला मुलगा न येण्याचं कारण सगळ्यांना कळतं, आता हिला काय सांगणार आहेस? मी त्याच्यावर चिडले. सणाच्या दिवशी असं बोलतात का, म्हटलं.

त्याचं बरोबर होतं. नेनी दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावरच्या दगडावर जाऊन बसायला लागली. गाडी यायच्या वेळेला जायची, धूळ खाली बसली की परत यायची. आधी खुशीत असायची. भाताच्या खरपुडीवर उकळलेलं पाणी किटलीत भरून न्यायची, वाटेत पोटात काही नसेल त्याच्या, म्हणायची. मग किटली नेईनाशी झाली. मग ती मला विचारायला लागली, आणि तिचं ते विचारणं मला सोसवायचं नाही. मी त्याला काही बोलले होते का गं? जाताना मी त्याला बैलाबद्दल टोकलं होतं, त्याचा राग धरला असेल का? तू मेलेला होतास तेव्हा तिचा तुझ्यावर काही राग नव्हता आणि स्वतःवर तर मुळीच नव्हता. तुला जिवंत करून आम्ही तिचं सुख घालवलं. मी तुला एवढंच सांगते, रिवु, तू होडीत बुडाला असतास तर ती बरी जगली असती. तू जिवंत आहेस याचा मला आनंद आहे, आणि हेही खरं आहे.

मागच्या कोषांच्या हंगामात रालाम्बु आला. ओढ्यावर मी कोष धूत होते. तो बराच वेळ टोपीशी खेळत उभा राहिला, कोषांच्या भावाचं काही काढेना, तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे. महाजंग्याला गोदीवर त्याने तुला पाहिलं होतं. तू सुटला आहेस, म्हणाला, पोट आलंय. घरी नेऊन जेवू घातलंस. बायको समुद्राकाठची आहे, हसरी आहे, दोन मुली आहेत, धाकटीचे पुढचे दात पडलेत. घरी बोलू नका असं तू त्याला सांगितलंस. बिचारा पूर्ण हंगाम ते पोटात घेऊन फिरला. मी त्याला म्हटलं, बरं केलंत सांगितलंत. कोष धुवून झाले. पिळून झाले. मी ओढ्यातून वर आले तेव्हा माझी टोपली कुणीतरी दुसऱ्यानेच डोक्यावर ठेवली असावी असं वाटत होतं.

नेनीला मी अर्धंच सांगितलं. रालाम्बुने त्याला पाहिलं, जिवंत आहे, धडधाकट आहे, बंदरावर काम करतो. ती चुलीपाशी होती. तिने कुणाबरोबर आहे विचारलं नाही, का येत नाही विचारलं नाही. एकच विचारलं. "तिकडे थंडी असते का गं?" मी म्हटलं, नाही नेनी, समुद्राकाठी उकडतं, अंगावर कपडा सोसत नाही म्हणे. ती म्हणाली, मग ठीक आहे. आणि भात ढवळायला लागली. दुसऱ्या दिवसापासून ती रस्त्यावर गेली नाही. काही दिवसांनी आम्ही कोषांतले किडे तळत होतो, तर तिने थोडे वेगळे काढून पानात बांधले आणि रालाम्बुबरोबर पाठव म्हणाली. कुणाला, म्हटलं. तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, त्याला पोरं असतील तर असू देत, तू मनाला लावून घेऊ नकोस. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिने माझ्या केसांतून हात फिरवला, तिच्या बोटांना तेल होतं, माझे केस दोन दिवस त्या वासाचे होते.

रिवु, नेनी गेली. मोठ्या पावसात तिला ताप भरला, रस्ता वाहून गेला होता, दवाखाना नदीच्या पलीकडे. फार हाल झाले नाहीत. तिच्यासाठी कापड विणू का असं मी मागेच एकदा विचारलं होतं, तेव्हा तिने मला झिडकारलं होतं. आईला कापड मुलाने द्यायचं असतं, माझा मुलगा आहे, म्हणाली, सुनेने दिलं तर वर सगळे विचारतील की मुलगा कुठे गेला. म्हणून घरात रेशमाचा धागा नव्हता. सुती चादरीत गुंडाळून आम्ही तिला तात्पुरतं ओढ्याच्या वरच्या अंगाला मातीत ठेवलं आहे. या हिवाळ्यात दगडी घर उघडून आत न्यायचं आहे. छप्पर दादाबेने दुरुस्त करून घेतलं, मूळ काढलं. तुझ्या वडलांच्या शेजारची फळी तिची, आणि तिच्या पायांकडची तिने मला दाखवून ठेवली आहे. सून म्हणून नाही, माझी म्हणून, असं तिने दादाबेसमोर सांगितलं होतं, म्हणजे पुढे कुणी मला माहेरच्या थडग्यात पाठवायला नको.

ती गेल्यापासून माझ्या स्वप्नात येते. थंडी वाजते असं म्हणत नाही. चुलीपाशी बसते आणि इकडचं तिकडचं बोलते, आणि उठताना विचारते, कापड आलं का गं त्याच्याकडून? मी दर वेळी म्हणते, येतंय नेनी, वाटेत आहे.

म्हणून मी ते विणलं आहे. ये असं सांगायला हे पत्र नाही. तुला यायचं असतं तर रस्ता तुला माहीत आहे, आणि तुझ्या मुलींना अर्ध्यात टाकून तू धावत यावंस असं मी तुला म्हणणार नाही, एका घरात ते एकदा झालं तेवढं पुरे. हिवाळ्यात तिला बाहेर काढतील, तेव्हा कापड देणाऱ्याचं नाव मोठ्याने सांगावं लागतं, मेलेल्याला ऐकू जाईल असं. मी तुझं नाव सांगणार आहे. रिवुने पाठवलं, असं सांगेन, दादाबेलाही सांगून ठेवलंय, तो मान खाली घालून हो म्हणाला. पण तू कुठेही मेलास, समुद्राकाठी का होईना, तरी शेवटी तिच्याकडेच जाशील, आणि गेल्या गेल्या ती कापडाचं बोलेल, तुला माहीत आहे तिचा स्वभाव. तेव्हा तू गोंधळू नकोस. नीट वाच आणि लक्षात ठेव. कापड लांदिबेचं आहे, आपल्याच डोंगरावरच्या खालच्या फांद्यांचं, शेंड्याचे कोष तोडलेले नाहीत. रंग रेशमाचा आहे तोच, मातकट. दोन्ही बाजूंना तांबडा काठ आहे, सालीत रंगवलेला, दोन बोटं रुंद, आणि डाव्या काठात एक धागा चुकलेला आहे, तो मी उसवला नाही, कारण तुझ्या हातून काहीच बिनचूक झालं नसतं हे तिला माहीत आहे. दशा लांब सोडल्या आहेत. ती आता इतकीशी झाली होती की कापड तिला दोनदा वेढेल. ती विचारेल, तू दिलंस ना रे? तेव्हा हो म्हण. मान वर करून, तिच्याकडे तोंड करून म्हण, हो नेनी, मीच दिलं.

तुझ्या आईची सून, आणि अजून तरी तुझीच,
वुलुलुना